वर्ण काळा, चाकं तांबडी

‘‘उंची बरी हाय, वजनबी बरं हाय. पर ह्येला आपलं वळण न्हाय झेपायचं,’’ असं म्हणून भूपालअण्णांनी माझ्या देखत एका जर्मन एक्स्प्रेस इंजिनाला नकार दिला, तेव्हा मी त्यांच्या माडीवर पहिल्यांदाच गेलो होतो. इंजिन समोर नव्हतंच. समोर होता एक छापील फॉर्म. वर ठळक अक्षरांत ‘वधू-वर परिचय मेळावा’ आणि खाली अण्णांच्या सुबक अक्षरात भरलेले रकाने. नाव : शून्य-एक. वर्ण : काळा, चाकं तांबडी. शिक्षण : एक्स्प्रेस. अपेक्षा : मोठं वळण, लांब फलाट. आणि तळाला लाल पेनानं शेरा, ‘स्थळ उत्तम. आपल्या घरात नांदायचं नाही.’

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. कसली चेष्टा! निपाणीला त्यांच्या समाजाचा मेळावा भरायचा, तिथं माइकवरून मुलामुलींची माहिती वाचायचं काम वर्षानुवर्षं अण्णांकडं होतं. उरलेले कोरे फॉर्म गठ्ठ्यानं घरी पडलेले. ‘‘ह्यात इचारल्याबिगर स्थळ ठरत न्हाय, मग इंजिन कसं ठरंल?’’ हा त्यांचा सवाल. अशा एका फॉर्मामागं ते महिनाभर घालवायचे. जर्मन कॅटलॉग, भिंग, पट्टी, आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा.

अण्णा मूळचे सदलग्याचे. शेती भावाकडं, आणि हे बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला. म्हणजे जो लोखंडी भाग ओतायचा, त्याची आधी लाकडात हुबेहूब प्रत करायची, ती वाळूत दाबून अलगद बाहेर काढायची, मग राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. ती लाकडी प्रत अण्णांच्या हातची. मी तिथंच ड्रॉइंग ऑफिसला, त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान आणि त्यांच्याहून शंभरपटीनं तापट. मी कागदावर मोठ्या झोकात काहीतरी काढायचं आणि अण्णांनी ते परत आणून टेबलावर ठेवायचं. ‘‘मारुती, ह्यो कोपरा वाळूतनं निघायचा न्हाय रं.’’ बास, एवढंच. मी पेटायचो. दुसऱ्या दिवशी कोपरा बदलून द्यायचो. त्यांचं बरोबरच असायचं, आणि त्याचाच जास्त राग यायचा.

रेल्वेचं हे वेड त्यांनी जर्मनीहून आणलं. फाउंड्रीनं तिथून एक यंत्र घेतलं होतं, ते शिकायला अण्णांना तीन महिने पाठवलं. अण्णा कांदा, लसूण, बटाटा खात नाहीत आणि दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत. असा माणूस आम्ही बटाट्याच्या देशात पाठवत होतो. निरोप देताना स्टेशनवर आमच्यातल्या दोघांनी तर ते वाळून परत येणार अशी पैज लावली. अण्णा दोन किलोनं वाढून आले. उन्हाळ्याचे दिवस होते. ‘‘तिथला सूर्य लई समजूतदार,’’ ते सांगायचे, ‘‘साडेनऊपत्तूर थांबतोय. सावकाश जेवा म्हणतोय.’’

ज्यांच्या घरी ते उतरले, ते ओट्टो नावाचे म्हातारे गृहस्थ तिथले पॅटर्न करणारेच. ह्यांना जर्मन येत नाही, त्यांना आपलं काही येत नाही. दोघं पेन्सिल आणि पट्टीनं बोलायचे. ओट्टोंच्या तळघरात छोट्या रेल्वेचं अख्खं गाव मांडलेलं. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं. अण्णा ते बघायला उकिडवे बसले, आणि मला विचाराल तर ते पुढं कधी उठलेच नाहीत.

रिटायर झाल्यावर त्यांनी तिसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या आपल्या घरी, माडीवर, आठ बाय चार फुटांच्या प्लायवर तसंच गाव उभं केलं. डोंगरातलं एक लहान जर्मन खेडं. चर्च, लाकडाची वखार, स्टेशन, आणि कडेला एक चिमुकली फाउंड्री. सगळं हातानं केलेलं. गाड्या मात्र जर्मनीहूनच. त्यांचा भाचा तिकडं नोकरीला, तो सुट्टीला येताना एखादं इंजिन घेऊन यायचा. कुठलं, ते अण्णा ठरवणार. आणि अण्णांचं ठरेपर्यंत बिचाऱ्याची सुट्टी जवळ आलेली असायची.

कारण अण्णांचा कायदा. गाव लहान, रूळ हलका, लाइन एकेरी. तेव्हा या गावाला जे इंजिन खरोखर आलं असतं, तेच घ्यायचं. वरच्या शून्य-एक नंबरवाल्या एक्स्प्रेसवर त्यांचा जीव होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. माणसाएवढी उंच चाकं, काय तो रुबाब. तिच्या चित्रावरून ते बोट फिरवायचे. पण घ्यायची? छे. मी म्हटलं, अण्णा, मॉडेल आहे, फिरतंय की वळणावर, कंपनीनंच लिहिलंय. तर म्हणाले, फिरतंय रं, पण वळताना नाक रुळाच्या बाहेर काढतंय. आणि या खेड्यात एक्स्प्रेसनं येऊन करायचं काय, उतरणार कोण?

मग कुठलं पसंत पडलं? तर चौसष्ट. लहान, गुबगुबीत, कोळसा आणि पाणी अंगावरच घेऊन हिंडणारं, पुढं दोन छोटी चाकं तशी मागंही दोन छोटी चाकं. जर्मन लोक त्याला लाडानं बॉबकट म्हणतात, हे कळल्यावर तर अण्णा खूश. शिवाय त्या नंबराचं त्यांना निराळंच कौतुक. इंग्रज साठ आधी म्हणतो आणि चार मागून. जर्मन आपल्यासारखाच, चार आधी आणि साठ मागून. ‘‘चौसष्ट म्हंजे चौसष्टच रं, सरळ,’’ असं म्हणून ते पद्माआक्कांकडं बघायचे. पद्माआक्का म्हणजे त्यांच्या घरच्या. त्या मोजायच्या कानडीत, आणि कानडीत साठ आधी येतात. आक्का चार वाजता चहा घेऊन वर यायच्या, आणि ‘आता ह्यांच्या नादी कुठं लागा’ असा चेहरा करून मालगाडीचे डबे कानडीत मोजायच्या आणि खाली जायच्या.

बारा वर्षांत चार इंजिनं झाली. चौसष्ट, मालगाडीला पन्नास नंबरचं पाच-पाच चाकी लांबुळकं, शंटिंगला एक बुटकं, आणि नाइलाजानं एक तांबडं डिझेल. नाकारलेल्यांचे फॉर्म एका पत्र्याच्या ट्रंकेत. एकदा मी बंगळूरला गेलो होतो, तिथं एका दुकानात इंजिन दिसलं आणि मी हौसेनं ते अण्णांना आणलं. पुढं जाळी, वर घंटा, झकास चीज. अण्णांनी ते हातात घेतलं, चाकं फिरवून बघितली, म्हणाले अमेरिकन आहे. आणि कपाटात काचेआड नेऊन ठेवलं. रुळावर नाहीच. वर त्याचाही फॉर्म भरला. मूळ गाव : परमुलूख. शेरा : पाहुणा म्हणून राहू दे. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी ते स्वतः सदलग्याचा गूळ घेऊन घरी आले, इंजिनाबद्दल चकार शब्द न काढता चहा पिऊन गेले, आणि आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

पण त्यांची खरी फजिती झाली ती गोल फिरत्या पुलापायी. वाफेचं इंजिन शेवटच्या स्टेशनात आलं की त्याचं तोंड फिरवावं लागतं. त्यासाठी एक गोल खड्डा, त्यात फिरणारा पूल. इंजिन पुलावर घ्यायचं आणि पूल फिरवायचा. खड्डा अण्णा लाकडात कोरणार, पूल मी पत्र्याचा करणार, दोघांचं माप तीनशे मिलिमीटर. रविवारी दोन्ही बसवलं. चौसष्ट मोठ्या डौलात आली, आणि पुलाच्या तोंडाशीच चाकं फटीत जाऊन नाकावर आपटली.

अण्णा म्हणाले, ड्रॉइंग हापिसातल्या माणसाला तीनशे म्हणजे किती हे कधी कळलंय? माझं टाळकंच सरकलं. घरी जाऊन व्हर्नियर आणला आणि त्यांच्या समोर पूल मोजला. केसाचाही फरक नाही. मग खड्डा मोजला. तीनशे सहा. मी म्हटलं, पट्टी आणा बघू तुमची. त्यांनी खिशातली पितळी पट्टी काढली. आयुष्यभर तीच त्यांच्या खिशात. आणि मग आम्हा दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं.

पोलाद ओतल्यावर गार होताना शंभराला दोन आकसतं. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो, आणि दर वेळी हिशोब नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच मुळात तेवढी ताणलेली असते. तिच्यावरचे तीनशे म्हणजे खरे तीनशे सहा. अण्णांनी चाळीस वर्षं हातात धरलेली तीच पट्टी सवयीनं माडीवरही आणलेली. त्यांनी हळूच मान फिरवून आपल्या गावाकडं बघितलं. चर्च त्याच पट्टीनं. स्टेशन, वखार, फाउंड्री, सतरा घरं, सगळं त्याच पट्टीनं. अख्खा जर्मन मुलूख शंभराला दोन जास्त. मला वाटलं, आता म्हातारा खचतोय. पण ते ट्रंकेवर बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसू आवरेना. ‘‘मारुती, सगळं गाव गार व्हायची वाट बघतंय रं.’’ आम्ही इतके हसलो की आक्का काय झालं म्हणून धावत वर आल्या. खड्ड्यात अण्णांनी लाकडाचं एक गोल कडं बसवून फट बुजवली. गाव तसंच ठेवलं.

आक्का धावत वर आल्या त्या बहुतेक शेवटच्याच. पुढच्या दिवाळीपासून आक्कांचे गुडघे धरले. डॉक्टरांनी जिना बंद सांगितला. अण्णांचा जिना म्हणजे शिडीचा सख्खा भाऊ, त्याला इलाजच नव्हता. चहा आता खालीच व्हायचा. अण्णा तो पिऊन चारला वर जायचे ते दिवस मावळायच्या आत जेवायलाच खाली यायचे. लेक पुण्याला. टीव्ही आक्कांना आवडत नाही. मीही सरळ वर जायचो, खालून जाताना ‘काय आक्का’ म्हणायचं तेवढं.

एका दुपारी गेलो तर आक्का जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेल्या. मला वाटलं पडल्या की काय. तर नाही. वरून गाडीची घरघर येत होती आणि त्या मान कलती करून ऐकत होत्या. मला म्हणाल्या, ‘‘भाऊजी, आता चौसष्ट फिरतीया न्हवं? आवाजावरनं वाटतंय.’’

मी वर गेलो. चौसष्टच फिरत होती. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल. मी सरळ म्हटलं, अण्णा, तुमची बायको खाली पायरीवर बसून तुमची गाडी ऐकतेय, लाज वाटू द्या. अण्णांनी इंजिन थांबवलं. खाली वाकून कुठला तरी रूळ पुसत बसले. बोललो ते जास्त झालं असं मला वाटलं, आणि मी चार दिवस तिकडं फिरकलो नाही.

पाचव्या दिवशी त्यांचाच फोन, टेप घेऊन ये. गेलो तर अण्णा सोप्यातली भिंत मोजत होते. पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत चौदा फूट. आठ बाय चारचा तो फळा खाली कुठंच मावत नव्हता. पण दिवाणावर बसल्यावर डोळ्यांसमोर येईल अशी फूटभर रुंदीची फळी भिंतीला मारता येत होती. ‘‘हितं आणायचं,’’ ते म्हणाले. ‘‘तिला दिसंल असं.’’ मला आनंद झाला, पण अण्णांचा चेहरा काही खुलेना. फूटभर फळीवर गाडी गोल फिरणार कशी? नुसतं सरळ जायचं आणि सरळ यायचं. इंजिन टोकाला गेलं की त्याला डब्यांच्या दुसऱ्या बाजूला आणायला जास्तीचे रूळ हवेत, तोंड फिरवायला पूल हवा. जागा कशालाच नाही.

आठ दिवस अण्णा फॉर्म भरत होते. स्वतःचीच चार इंजिनं त्यांनी नव्यानं तपासली आणि चौघांनाही नकार दिला. ट्रंकेतले जुने फॉर्म काढले. जानेवारीत भाचा येणार होता, त्याचे दोनदा फोन येऊन गेले. अण्णा जेवताना गप्प असतात, असं आक्का मला हळू आवाजात सांगत होत्या. जमलं नाही तर दोनच वाटा होत्या. एक तर माडी कायमची बंद, नाहीतर आक्का कायमच्या पायरीवर. आणि यातली पहिली ते धरतील आणि आतून झुरतील, हे मला दिसत होतं.

शेवटी एका संध्याकाळी, उन्हं असतानाच, त्यांनी एक गोष्ट केली जी बारा वर्षांत केली नव्हती. फॉर्मांचा गठ्ठा घेऊन ते दिवाणासमोर खुर्चीवर बसले आणि मेळाव्यात वाचायचे तसे खणखणीत आवाजात एकेक स्थळ आक्कांना वाचून दाखवायला लागले. मी दाराशी बसलो होतो. आक्का शेंगा फोडत ऐकत होत्या. आठ-दहा झाली असतील, आणि त्या म्हणाल्या, ‘‘साकु.’’ म्हणजे पुरे. मग विचारलं, ‘‘परत येताना त्येला तोंड फिरवाय लागतंय, ह्योच घोळ हाय न्हवं?’’

‘‘व्हय.’’

‘‘मग दोन्हीकडं तोंड असलेलं न्हाय व्हय त्यांच्यात एखादं?’’

अण्णांनी फॉर्म मांडीवर ठेवले. मग एखादा गुन्हा कबूल करावा तसे म्हणाले, ‘‘हाय. पर ते इंजिन न्हाय. बस हाय.’’

तांबडी, एका डब्याची, रुळावरची बस. दोन्ही टोकांना ड्रायव्हरची जागा. टोकाला गेली की ड्रायव्हर उठून दुसरीकडं जाऊन बसतो आणि गाडी तशीच परत निघते. अशा डोंगरातल्या लहान लाइनींवर जर्मनीत तीच धावायची. म्हणजे अण्णांच्या कायद्यात तर ती सगळ्यात आधी बसायला हवी होती. मी विचारलं, मग हिचा फॉर्म ट्रंकेत कसा नाही? अण्णा कसनुसे हसले. ओट्टोंच्या गावाहून कामावर जाताना तीन महिने सकाळ-संध्याकाळ ते तिच्यातच बसायचे. रोजचीच गाडी. तिचा फॉर्म भरावा असं कधी मनातच आलं नाही.

‘‘मग आणा की,’’ आक्का म्हणाल्या आणि सूप घेऊन आत गेल्या.

तरी म्हाताऱ्यानं दोन दिवस घेतले बरं का. इंजिन नसलेली रेल्वे हे त्यांच्या जिवावर आलं होतं. तिसऱ्या दिवशी भाच्याला निरोप गेला. माडीवरचं गाव त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवलं, एकेक घर जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून. मला बघवेना, मी उगाच सुतळी आणायच्या निमित्तानं खाली-वर करत होतो. स्टेशन, चर्च आणि पाच घरं फळीवर आली. चारही इंजिनं कपाटात गेली, माझ्या अमेरिकन पाहुण्याच्या शेजारी.

अण्णा जाऊन आता दोन वर्षं होतील. जाण्याआधी त्यांची-माझी शेवटची भेट झाली ती अशीच चारच्या सुमारास. दार उघडंच होतं. आक्का दिवाणावर, मांडीखाली उशी, आणि हातात गाडी चालवायचं बटण. ते बटण अण्णांनी मला बारा वर्षांत एकदाही हातात दिलेलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. तांबडी गाडी भिंतीवरून सावकाश निघाली, चर्चपुढनं गेली, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या स्टेशनात थांबली. तिथं पाटावर अण्णा गवारी मोडत बसले होते. गाडीला मागं एक उघडी वाघीण जोडलेली, तिच्यात अण्णांची रक्तदाबाची गोळी. अण्णांनी ती उचलली, पाण्याबरोबर घेतली, आणि आक्कांकडं बघून हात वर केला. गाडी परत निघाली. मी दारात उभा आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

चहा झाला, गप्पा झाल्या. निघालो तर अण्णा मला पोचवायला फाटकापर्यंत आले. तिथं थांबले. माझ्याकडं न बघता, कडीवर हात ठेवून म्हणाले, ‘‘ती चहा घिऊन वर यायची, मारुती. उभ्या उभ्या डबं मोजायची आन् जायची. मला वाटायचं, हिला ह्यात गोडी न्हाय.’’ त्यांनी कडी उगाच वर-खाली केली. ‘‘जल्मभर लाकूडकाम केलं मी. तिला बसाय वर एक स्टूल करायचं सुचलं न्हाय रं.’’

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

आतून आक्कांची हाक आली, गाडी केव्हाची येऊन उभी आहे म्हणून. ‘‘आलो, आलो,’’ म्हणत अण्णा वळले. फाटक उघडंच राहिलं. ते मी लावून घेतलं.